गच्चीवरच्या कुंड्यांतली माती दरवर्षी बदलावी लागते का?

माती फेकू नका, हे आधी सांगतो. तुम्ही लिहिलंय की चेंबूरच्या गच्चीवर पहिल्या वर्षी वांगी-मिरची भरभरून आली, यंदा माती दगडासारखी झालीय आणि नर्सरीवाला नवी लाल माती घ्या म्हणतोय. घ्याल, पण वर्षभरात तिचंही तेच होईल.

कुंडीतलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ काढा आणि ग्लासभर पाण्यात अलगद सोडा. बघता बघता विरून तळाशी गाळ बसला, तर समजा मातीत कण धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. ते काम जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांच्या चिकट स्रावांनी कण बांधले जातात आणि मधल्या फटींतून हवा-पाणी खेळतं. त्यांना कुजवायला काही मिळालं नाही की माती बसते. त्यात मुंबईचा दोन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस! उघड्या मातीवर थेंब आपटून पापडी धरते आणि खत तळाच्या भोकातून गटारात जातं.

म्हणून माती झाकलेली हवी. रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं मागा, बहुतेक जण आनंदाने देतात. गच्चीवर चिपाडांचा वापर मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी रुजवला. ती उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्या येतात, आणि नुसती वर पसरा. ताजी चिपाडं मातीत मिसळली तर ती कुजवायला जिवाणू मातीतलाच नत्र (नायट्रोजन) ओढतात आणि पानं पिवळी पडतात.

जोडीला जिवाणू वाढवणारं द्रावण करा: दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस रोज ढवळा, मग दहापट पाणी घालून कुंड्यांना द्या. शेण तबेल्यातून मिळेल. झाकण मात्र ठेवा, नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय उरणार नाही.

‘शेतकरी कुठे माती बदलतात?’ असं तुम्हीच विचारलंय. कोकणात भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरतात. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. तुम्हीही वांगी संपली की वाल किंवा चवळी लावा. शेंगा खाऊन झाल्यावर वेल उपटू नका, बुंध्याशी कापा, मुळं आतच कुजू देत. वांग्याच्या कुंडीत लगेच मिरची किंवा टोमॅटो मात्र नको. तिन्ही एकाच कुळातली, रोगही बरेचसे तेच.