सुवर्ण गुणोत्तर राहू दे, आधी मामांच्या बागेतली काडी मोज

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा काल सावकाश वाचला. शीर्षक ‘निसर्गातलं सुवर्ण गुणोत्तर’ (म्हणजे १.६१८), आणि खाली शंख, सूर्यफूल, माणसाचा चेहरा, आकाशगंगा. विषय तुला मनापासून आवडलाय हे ओळीओळीत दिसतं, म्हणूनच स्पष्ट लिहिते. त्या दहा पानांत तू स्वतः मोजलेलं काहीच नाही. चेहरा आणि आकाशगंगा काढूनच टाक. चेहऱ्यावर पट्टी कुठून कुठे धरायची हे आपणच ठरवणार असू, तर हवं ते गुणोत्तर निघतंच.

नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या कवचाचं चित्र तर प्रत्येक पोस्टरवर असतं. सुवर्ण सर्पिलात एक पूर्ण वळसा झाला की केंद्रापासूनचं अंतर सुमारे ६.८५ पट होतं. नॉटिलसच्या कवचात ते साधारण तिप्पट होतं. दोन्ही लॉगरिदमिक सर्पिलंच, म्हणजे दर वळशाला ठरावीक पटीने वाढणारी, पण वेगवेगळी. त्या कवचाचं खरं कौतुक हे, की प्राणी वाढत जातो, घर वाढत जातं आणि आकार मात्र तोच राहतो. त्यासाठी १.६१८ ची गरज नाही.

आता तुझ्या हाताशी काय आहे ते बघ. दिंडोरीला मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची गोड छाटणी, म्हणजे फळासाठीची, झाली की डोळे फुटतात. नव्या फुटीला दहा-बारा पानं आली की बागेत जा, मात्र शेंडा मारण्याआधी आणि बाळ्या (वेल आधाराला गुंडाळते ते दोरे) काढण्याआधी. एक काडी, म्हणजे अशी एक फूट, धर आणि खालून पानांना क्रमांक दे. पहिलं पान डावीकडे असेल तर दुसरं उजवीकडे, तिसरं पुन्हा डावीकडे. म्हणजे दोन पानांमधला कोन १८० अंशांचा. सुवर्ण गुणोत्तरातून येणारा तुझा लाडका १३७.५ अंशांचा कोन इथे नाहीच, आणि मला ही काडी नेमकी त्यामुळेच आवडते.

मग पानाच्या समोरच्या बाजूला काय आहे ते लिही. पहिल्या दोन-तीन पानांसमोर बहुधा काही नसतं. पुढे घड, घड, रिकामी जागा. मग बाळी, बाळी, रिकामी जागा. पुन्हा बाळी, बाळी, रिकामी. दोन भरलेल्या आणि एक मोकळी, हा क्रम काडी वाढेल तसा चालू राहतो. पानांची बाजू दर दोन पेरांनी तीच येते, घड-बाळीचा क्रम दर तीन पेरांनी. मग दोन्ही मिळून अख्खी रचना किती पेरांनी जशीच्या तशी परत येईल? सहा. पाचवं पान मोकळं आणि डावीकडे असेल, तर पुढचं मोकळं आठवं उजवीकडे आणि अकरावं पुन्हा डावीकडे. शाळेत शिकलेला लसावि वेलीवर असा लटकलेला असतो. मामांनी ही काडी हजारदा हाताळली असेल. त्यांना विचार, त्यांच्या कधी लक्षात आलं होतं का. कदाचित तेच तुला चार गोष्टी जास्त सांगतील.

एक गोष्ट ते नक्की सांगतील: घड जिरून त्याची बाळी होते. कारण घड आणि बाळी मुळात एकाच अवयवाची दोन रूपं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यांत तो कोवळा कोंब तयार होतो तेव्हाच त्याचं भवितव्य ठरू लागतं. वनस्पतीतल्या संप्रेरकांपैकी सायटोकायनिनचा जोर असला की तो घडाकडे झुकतो, जिबरेलिनचा असला की बाळीकडे. मणी फुगावेत म्हणून मामा घड ज्या जीएच्या द्रावणात बुडवतात, ते जीए म्हणजे हेच जिबरेलिन. काही काड्यांवर तुला अर्धा घड आणि अर्धी बाळी असलेला नमुनाही सापडेल. तो टाकून देऊ नकोस, त्याचा फोटो काढ. जागा ठरवणारा नियम आणि त्या जागी काय येणार हे ठरवणारा नियम वेगवेगळे आहेत, हे त्या एका नमुन्यात दिसतं.

सूर्यफूल मात्र ठेव, ते पक्कं उदाहरण आहे. चकतीचा फोटो मोठा करून छापून घे आणि एकेका सर्पिलावर शाईचे ठिपके देत मोज. एका दिशेने ३४ आणि दुसऱ्या दिशेने ५५ अशी जोडी बरेचदा मिळते. या फिबोनाची संख्या: प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज, आणि शेजारच्या दोहोंचं गुणोत्तर १.६१८ च्या जवळ. पण बरेचदा म्हणजे नेहमी नव्हे. मँचेस्टरमध्ये २०१२ साली गणितज्ञ अॅलन ट्युरिंगच्या जन्मशताब्दीनिमित्त लोकांनी सूर्यफुलं लावून सर्पिलं मोजली. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा सर्वांत भरवशाच्या ७६८ मोजण्यांपैकी ५६५ फिबोनाची संख्या निघाल्या. उरलेल्या त्यांनी लपवल्या नाहीत, आणि त्यामुळे त्या ५६५ वर माझा जास्त विश्वास बसतो.

हे आकडे येतात कुठून? नवा कोंब वाढीच्या टोकाशी तिथे उगवतो जिथे ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक साठलेलं असतं. आधीचे कोंब आपल्या आसपासचं ऑक्सिन ओढून घेतात, त्यामुळे नव्याला त्यांच्यापासून दूरची मोकळी जागाच मिळते. १९९२ मध्ये दुआदी आणि कुदे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी वनस्पतीशिवायच हा प्रयोग केला. चुंबकीय द्रवाचे थेंब तेलाच्या बशीत मधोमध एकेक करून सोडले. थेंब एकमेकांना दूर ढकलत कडेकडे सरकत गेले, आणि थेंब पुरेसे भराभर पडू लागले की लागोपाठच्या दोन थेंबांमधला कोन १३७.५ अंशांच्या जवळ येऊन स्थिरावला. थेंबाला ना जनुकं, ना गणित. प्रकल्पात जागा द्यायचीच तर या प्रयोगाला भरपूर दे.

फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचं नाव घेशील तिथे छंदशास्त्र लिहिणाऱ्या हेमचंद्राचंही घे. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? ओळीच्या शेवटी लघू असेल किंवा गुरू, म्हणून आधीच्या दोन उत्तरांची बेरीज करायची: १, २, ३, ५, ८. हेमचंद्राने हे ११५० च्या सुमारास लिहिलं, छंदशास्त्रीच असलेल्या विरहांकाने त्याच्याही बऱ्याच आधी. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. तुझं मराठी व्याकरण चांगलं आहे, आठ मात्रांपर्यंतच्या सगळ्या रचना स्वतः मांडून बघ.

वेळ उरला तर उन्हाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी ओसरल्यावर काठच्या गाळाला पडलेल्या भेगा कोनमापकाने मोज. गाळ पहिल्यांदा वाळतो तेव्हा नवी भेग जुनीला काटकोनात येऊन मिळते, कारण जुन्या भेगेने तिच्या आडव्या दिशेचा ताण आधीच सोडवलेला असतो. तोच गाळ पुन्हा पुन्हा भिजून वाळला की कोन हळूहळू १२० अंशांकडे सरकतात. गच्चीवर ट्रेमध्ये चिकणमाती घेऊन हे करून बघता येतं. आपल्या पायाखालच्या, सुमारे ६.६ कोटी वर्षं जुन्या बेसाल्टमध्ये काही ठिकाणी षटकोनी खांब दिसतात. तिथेही लाव्हा थंड होताना भेगा अशाच खोल उतरत गेल्या.

‘हे काम मला जमेल का’ असं तू विचारलंस. देवळालीच्या शाळेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शिकवायचे. ६१७४ चा गुणधर्म (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं, की सगळे अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ येतं) त्यांनी १९४९ मध्ये मांडला, तोही कागद-पेन्सिलीवर वजाबाक्या करत. मोठी प्रयोगशाळा त्यांच्याकडे नव्हती, तुझ्याकडेही नाही, आणि या कामाला ती लागतही नाही.

तर आता एवढंच कर. छाटणीची तारीख मामांकडून घे. निदान पन्नास काड्या मोज, त्याही एकाच ओळीतल्या नकोत. वहीत चार रकाने आख: पानाचा क्रमांक, बाजू, समोर काय, शेरा. काड्या आधीच चिठ्ठ्या टाकून निवड, नाहीतर हात आपोआप सुबक काडीकडे जातो. मोडलेली किंवा क्रम चुकलेली काडी आली तरी तिची नोंद कर. पहिल्या दहा काड्यांचा कागद आहे तसा मला पाठव, बेरजा-सरासऱ्या आपण बरोबर बसून करू.

तुझी,
मॅडम