कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पक्षी दिसतात, म्हणजे पाणी चांगलं आहे असं समजायचं का?

नाही. पक्षी किती यापेक्षा कोणते, हे बघा. शेकाट्या गटाराच्या तोंडाशी चिखलातही मजेत चरतो. खंड्या आणि टिबुकली मात्र नजरेने मासा पकडतात, त्यांना नितळ पाणी लागतं. तलावातल्या संध्यामठाजवळ मी एका खंड्याला तारेवर अर्धा तास बसलेला पाहिलंय. खाली शेवाळाची हिरवी साय, तीन सूर मारले, तिन्ही वेळा चोच रिकामी. फार वाईट वाटलं.

ती साय येते सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं, म्हणून पहाटे पाणी सगळ्यात गुदमरलेलं असतं. माशांसाठी लिटरला किमान 4 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. त्यामुळे दुपारी घेतलेल्या नमुन्यावर विसंबू नका, सूर्योदयाआधीचा घ्या. जलपर्णी दाट झाली की खाली उजेडच पोचत नाही, पाणवनस्पती मरतात, आणि त्या खाणारे वारकरी पक्षी दुसरं तळं शोधतात. जलपर्णी काढून काठावरच टाकली तर कुजून तेच खत परत पाण्यात जातं, ती उचलून लांब न्यायलाच हवी. आणि सांडपाणी आत येतंय तोवर ती पुन्हा वाढणारच.