किर्केगॉर म्हणजे ‘स्मशान’ का?

प्रश्न: मी एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय आणि सध्या किर्केगार्ड हा डॅनिश तत्त्वज्ञ वाचतेय. ग्रुपवर एकीने टाकलं की त्याच्या आडनावाचा अर्थच ‘स्मशान’ आहे, म्हणून तो सारखा भीती आणि मरणावर लिहायचा. हे खरं आहे का? आणि मराठीत नाव लिहायचं कसं, किर्केगार्ड की किर्केगॉर? सर एक म्हणतात, पुस्तकात दुसरंच.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: अर्धं खरं आहे, पण ‘स्मशान’ हा शब्द आधी बाजूला ठेवा कारण गडबड तिथूनच सुरू होते. आज कोपनहेगनमध्ये कुणालाही ‘किर्केगॉर’चा अर्थ विचारलात तर तो दफनभूमीच सांगेल, पण आपल्या मराठीत स्मशान म्हटलं की डोळ्यासमोर चिता येते, लाकडं, नदीचा घाट, आणि डॅनिश शब्दात यातलं काहीच नाहीये. किर्के म्हणजे चर्च, गॉर म्हणजे आवार, वाडी, शेतघर. म्हणजे शब्दशः ‘चर्चचं आवार’. जुन्या काळी माणसं चर्चच्या भोवतीच पुरायचे म्हणून आवाराचा अर्थ हळूहळू दफनभूमी झाला. जर्मनमध्ये ‘किर्शहोफ’, डचमध्ये ‘केर्कहोफ’, तिथेही शब्द असाच घडलाय आणि अर्थही असाच सरकलाय.

आता घराण्याचं बघा. वडील मिकाएल, जन्म 1756, डेन्मार्कच्या पश्चिम जटलंड भागातल्या सेडिंग नावाच्या गरीब गावातले. तिथे चर्चला लागून चर्चच्या मालकीची शेतजमीन होती, तिथल्या घराला लोक ‘किर्केगॉर’ म्हणायचे, त्यात राहणाऱ्या कुटुंबाला तेच नाव चिकटलं. आपल्याकडे गावाच्या, वाडीच्या नावाला ‘कर’ लागून आडनाव होतं ना, तसाच प्रकार. म्हणजे घरच्यांसाठी ते पत्त्याचं नाव होतं, मरणाचा त्याच्याशी संबंध नव्हता. मिकाएल लहानपणी त्या माळावर मेंढ्या राखायचा, आणि एकदा थंडीने भुकेने इतका कळवळला की एका उंचवट्यावर उभं राहून त्याने देवाला शिव्याशाप दिले, ही गोष्ट म्हातारपणीही त्याच्या मनातून गेली नाही. पुढे तो कोपनहेगनला आला, लोकरीच्या कापडाच्या धंद्यात श्रीमंत झाला, पण आपल्यावर शाप आहे असं त्याला कायम वाटत राहिलं. सात मुलांपैकी पाच त्याच्या डोळ्यादेखत गेली. मला विचाराल तर सोरेनच्या, म्हणजे आपल्या तत्त्वज्ञाच्या, लिखाणातली ती भीती या घरातून आलीये, आडनावातून नाही. आडनाव ‘दफनभूमी’ म्हणून माणूस उदास, असं म्हणणं म्हणजे त्या बापलेकांचं सगळं दुःख एका शाब्दिक कोटीत गुंडाळून टाकणं झालं, आणि ते मला अजिबात पटत नाही.

हां, पण अर्थ त्याच्या कानावर पडत नसेल असंही नाही. त्याची मातृभाषाच ती. आणि नावाशी खेळायला तर त्याला फार आवडायचं, अर्धी पुस्तकं त्याने टोपणनावानेच काढली: ‘योहानेस दे सिलेन्तिओ’ म्हणजे मौनाचा योहानेस, ‘विक्टर एरेमिता’ म्हणजे विजयी एकांतवासी, ‘विगिलिउस हौफ्नीएन्सिस’ म्हणजे कोपनहेगनचा पहारेकरी. इतकं नाव तोलून ठेवणारा माणूस, स्वतःच्या आडनावातलं ‘चर्च’ त्याला दिसलंच असणार. शेवटच्या वर्षभरात तर तो डेन्मार्कच्या सरकारी चर्चवरच तुटून पडला, मरायला टेकला तरी धर्मगुरूच्या हातून प्रसाद (कम्युनियन) घेतला नाही. नोव्हेंबर 1855मध्ये गेला तेव्हा अंत्यविधी मात्र चर्चमध्येच झाला आणि दफनाच्या वेळी भाच्याने, हेन्रिक लुंडने, तिथे उभं राहून जाहीर निषेध केला. पुरलं ते आसिस्टेन्स किर्केगॉरमध्ये! तिथल्या पाटीवरचा शब्द आणि दगडावरचं आडनाव एकच. आडनावात मात्र ‘कि’नंतर एक जादा ‘ई’ (e) आहे, कारण तेव्हा स्पेलिंग पक्कं ठरलेलं नव्हतं.

एक गोष्ट आणखी, जी मला स्वतःला फार आवडते. ‘गॉर’ हा शब्द भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘गृह’शी जोडतात, आणि गृहावरूनच प्राकृतात ‘घर’ आला जो आपण रोज बोलतो. ‘किर्के’ मुळात ग्रीक, ‘प्रभूचं’ अशा अर्थाचा. म्हणजे अगदी मुळापर्यंत गेलात तर प्रभूच्या घराजवळचं घर. उर्दू-फारसीतही ‘गोर’ म्हणजे कबर, त्यावरून कुणी नातं लावेल, पण तो निव्वळ योगायोग आहे, त्याला फसू नका.

उच्चाराचं सांगते. ‘गार्ड’ हे इंग्रजी डोळ्यांनी वाचलेलं रूप आहे. डॅनिशमध्ये दोन ‘ए’ (aa) जोडून आले की ‘ऑ’सारखं म्हणतात (1948 साली सरकारी स्पेलिंगमध्ये त्याच्या जागी डोक्यावर गोल असलेलं एकच अक्षर आणलं, आडनावं बऱ्याच जणांनी जुनीच ठेवली) आणि शेवटचा ‘ड’ बोलतच नाहीत. म्हणून मी किर्केगॉर लिहिते. परीक्षेत मात्र पहिल्यांदा नाव येईल तिथे कंसात ‘किर्केगार्ड’ टाका, म्हणजे तपासणाऱ्याचा घोळ होणार नाही. आणि भाषांतर करताना आडनाव नावासारखंच ठेवा, अर्थ सांगायचाच असेल तर तळटीपेत ‘चर्चचं आवार, आजच्या बोलीत दफनभूमी’ असं लिहा. ‘कब्रस्तान’ नको, आपल्याकडे त्याला मुसलमानी दफनभूमीचा वास आहे.

प्रश्न: याच अंकासाठी विचारतो, ‘सोरेन’चाही काही अर्थ आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर: आहे ना. लॅटिन ‘सेवेरिनुस’चं ते डॅनिश रूप, मुळात ‘सेवेरुस’ म्हणजे कठोर, कडक. आणि डॅनिशमध्ये ‘फॉर सोरेन’ असं वैतागून म्हणतात, सैतानाचं नाव तोंडावर येऊ नये म्हणून त्याऐवजी वापरलेला शब्द.