सेवापूर्तीचा व्हिडिओ धूसर का दिसला, आणि एडिटिंगसाठी ऐंशी हजार घालावेत का?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगी सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाहुण्यांतल्या कार्यक्रमांना ती मोबाईलवर फोटोंचे व्हिडिओ करून देते. ३१ मेला तिचे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. सेवापूर्ती सोहळ्यात तिचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला, तर फोटो धूसर दिसले. पंचावन्न फोटो होते आणि गाणं तीन मिनिटांचं. शेवटचे दहा फोटो मुकेच गेले. 'मुख्याध्यापक' शब्दाची जोडाक्षरं फुटली. पोरगी हिरमुसली. आता लॅपटॉप आणि एडिटिंगचा क्लास मिळून ऐंशी हजार लागतील म्हणते. पैसे घालावेत का? यात पुढे काही आहे का?

उत्तर : ऐंशी हजार आत्ता घालू नका. मुलीला मात्र थांबवू नका. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही चुका मोबाईल वापरला म्हणून झालेल्या नाहीत. कारण माहीत नसतं तर नव्या लॅपटॉपवरही त्या तशाच झाल्या असत्या. नुसत्या स्लाइडशोवर घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण फोटोंची निवड, क्रम, लांबी, आवाज, अक्षरं आणि तयार काम पडद्यापर्यंत धड पोचवणं, हे एडिटरचं सगळं काम त्यात लहान प्रमाणात येतं. पैसे न घालता हात बसवायला याहून चांगली जागा नाही.

इथून पुढचं मुलीलाच वाचायला द्या.

आधी धूसरपणाचं बघू. फोटो तू व्हॉट्सॲपवर मागवले असणार. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. फुल एचडी व्हिडिओची चौकट असते १९२० बाय १०८० ची. म्हणजे तो फोटो चौकट भरायलाच ताणावा लागतो, वर झूम दिला की आणखी ताणतो. फोटो झूमच्या शेवटी ११० टक्के दिसणार असेल तर रुंदी किमान १९२० गुणिले १.१, म्हणजे २११२ पिक्सेल हवी. म्हणून पाहुण्यांना सांगायचं, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा गुगल ड्राइव्हवर टाका. आयफोनची एचईआयसी फाईल काही सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, ती आधी जेपीईजी करून घे.

तयार व्हिडिओही पडद्यावाल्याला व्हॉट्सॲपवरून गेला असेल तर तो दुसऱ्यांदा दाबला गेला. तो पेनड्राइव्हवरच न्यायचा. सेटिंग असं ठेव : एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम, बिटरेट (सेकंदाला किती माहिती साठवायची ते माप) १० एमबीपीएस. या हिशेबाने तीन मिनिटांची फाईल साधारण २२५ एमबी होते. तुझी फाईल पंधरा-वीस एमबीची निघाली तर चूक कुठे झाली ते लगेच कळेल. एच.२६४ ऐवजी एच.२६५ ही फाईल दाबण्याची नवी पद्धत घेतली तर फाईल लहान होते, पण जुन्या टीव्हीवर ती चालत नाही. कार्यक्रमाच्या ठिकाणी तो धोका नको.

मंगल कार्यालयातल्या एलईडी वॉलचं, म्हणजे मोठ्या पडद्याचं, मापही आदल्या दिवशी विचारून घ्यावं. वॉल १२ बाय ८ फुटांची असेल तर तिचं प्रमाण ३:२ झालं, आणि तुझा व्हिडिओ १६:९ चा. ऑपरेटरने तो पूर्ण वॉलभर बसवला की सगळ्यांचे चेहरे लांबट होतात. वर-खाली काळी पट्टी चालेल, पण ताणू नका, एवढं त्याला स्पष्ट सांगायचं.

आता गाणं. प्रत्येक फोटोला ४ सेकंद धरले तरी पंचावन्न फोटोंना २२० सेकंद लागतात आणि गाणं १८० सेकंदांचं. उरले ४० सेकंद, म्हणजे बरोबर दहा फोटो. हा हिशेब एडिटिंगला बसण्याआधी कागदावर करायचा असतो. त्यात एक खाच आहे. शॉटकटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डिझॉल्व्हसाठी (एक फोटो विरत जाऊन दुसरा उमटतो त्यासाठी) एक फोटो दुसऱ्यावर सरकवावा लागतो, त्यामुळे एकूण लांबी कमी होते : ४५ फोटो, प्रत्येकी ५ सेकंद, म्हणजे २२५, त्यातून ४४ डिझॉल्व्हचे ४४ सेकंद गेले, उरले १८१. प्रीमियर किंवा डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये डिझॉल्व्ह कटवर, म्हणजे दोन फोटोंच्या सांध्यावर, टाकला तर लांबी आहे तेवढीच राहते, म्हणून तिथे १८० सेकंदांत ५ सेकंदांचे ३६ फोटोच बसतात. मोबाईल ॲपमध्ये काय होतं ते दोन फोटो आणि एक डिझॉल्व्ह टाकून तपासून घे. फोटो जास्त झाले तर फोटो काढायचे, सेकंद कमी करायचे नाहीत. शाळेच्या ग्रुप फोटोत प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो. त्या फोटोला ७-८ सेकंद दे, आणि त्यात झूम नकोच. गाण्याच्या शेवटी आवाज हळूहळू विरवणारा ३ सेकंदांचा फेड-आउट पुरतो. कोणाचं बोलणं घातलं असेल तर तेवढ्या वेळात गाणं १२ ते १५ डेसिबलने खाली घे.

हालचाल जितकी कमी तितकं काम पक्क्या हाताचं दिसतं. ५ सेकंदांत १०० वरून १०६-१०८ टक्के एवढा झूम भरपूर झाला, आणि त्याचा मध्य डोळ्यांवर ठेवायचा, नाहीतर फेटा किंवा कपाळ वरून कापलं जातं. दर फोटोला वेगळा इफेक्ट टाकला की बघणाऱ्याचं लक्ष माणसांवरून इफेक्टवर जातं. उभा फोटो आडव्या चौकटीत कापून बसवू नको. त्याचीच एक प्रत मोठी करून, धूसर आणि थोडी काळसर करून मागे लाव आणि मूळ फोटो पुढे अख्खा ठेव.

पैठणीच्या काठावर किंवा बारीक चौकड्याच्या शर्टवर झूम दिला की तिथे मुंग्या आल्यासारखं चमचमतं, हेही तुला दिसलं असेल. कॅमेऱ्याचा मूळ फोटो ६००० पिक्सेलचा आणि चौकट १९२० ची, त्यामुळे जरीच्या बारीक रेषा दर फ्रेमला वेगळ्या पिक्सेलवर पडतात. असे फोटो आधी ३००० पिक्सेल रुंदीला आणले की त्रास बराच कमी होतो. प्रीमियरमध्ये 'स्केल टू फ्रेम साइझ' निवडू नको. त्यात फोटो आधी चौकटीएवढा लहान होतो आणि मग झूमला पिक्सेल उरत नाहीत. 'सेट टू फ्रेम साइझ' निवड.

अक्षरांची चूक मला सगळ्यांत जास्त लागते, कारण ज्याचा सत्कार त्याचंच पद मोडून दिसतं. प्रत्येक सॉफ्टवेअरला देवनागरी जोडता येत नाही. जिथे येत नाही तिथे 'ख्य' आणि 'ध्य'चे पाय मोडून हलंत दिसतात आणि 'निवृत्ती'तली पहिली वेलांटी 'न'च्या पलीकडे जाऊन पडते. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' टेक्स्ट इंजिन निवडलं की हे सुटतं. मोबाईल ॲपमध्ये सुटत नसेल तर जिथे अक्षरं नीट जुळतात तिथे नावाची पाटी तयार कर, पारदर्शक पीएनजी म्हणून सेव्ह कर आणि फोटोसारखी वर ठेव. टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर होतं तसं. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पेस्ट केला की निरर्थक खुणा उमटतात. मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत आणि दोन्हींत मराठी चांगली दिसते.

जुन्या फोटोंवर जास्त वेळ दे. सांगलीत हे काम करायचं म्हणजे २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेले अल्बम हातात येणारच. प्लास्टिकला चिकटलेला फोटो ओढू नको, रंगाचा थर प्लास्टिकवर राहतो आणि चेहरा जातो. प्लास्टिकसकट स्कॅन कर. ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात, झूमला पुरेसे. पासपोर्ट साइझचा फोटो १२०० डीपीआयला घे. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेव, ऊन थेट नको, फ्लॅश नको, मोबाईल फोटोला समांतर धर. थोडं लांबून दुप्पट झूम केलास तर कडा वाकड्या येत नाहीत आणि तुझी सावलीही पडत नाही. मूळ स्कॅनला हात न लावता दुरुस्ती प्रतीवर करायची. चेहरा आपोआप 'सुधारून' देणाऱ्या ॲपपासून लांब राहा. ती नाकडोळे नव्याने रचतात, आणि आजोबा ओळखू येत नाहीत हे घरच्यांच्या पहिल्या नजरेत ध्यानात येतं.

फाईलींना ००१, ००२ असे क्रमांक दे. नुसते १, २, १० दिलेस तर काही सॉफ्टवेअर १ नंतर १० लावतात आणि बालपणाच्या मध्येच निवृत्ती येते. काम सुरू करण्याआधी घरच्या एका जबाबदार माणसाकडून नावांची यादी लिहून घे : कोण आलंच पाहिजे, दिवंगतांपैकी कोणाचे फोटो हवेत, नावं कशी लिहायची. आपल्याकडे थोरल्या भावाचा एकही फोटो नसला तर व्हिडिओ कितीही देखणा असो, चर्चा त्याचीच होते.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. शॉटकट आणि केडेनलाइव्ह मोफत आहेत, ८ जीबी रॅमवर फोटोंचं काम निभावतात. शॉटकट इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनही चालतं, म्हणून कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये सरांची परवानगी घेऊन वापरता येईल. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही वॉटरमार्क न टाकता ४के पर्यंत व्हिडिओ काढते, पण तिला १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते बनवणारी ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनी शिकण्याची पुस्तकं आणि सरावाच्या फाईली आपल्या संकेतस्थळावर मोफत देते. पुस्तकं इंग्रजीत आहेत, तरी पायऱ्या चित्रांसह असल्याने जमतील. म्हणूनच क्लासचे पैसे मला आत्ता वाया जाणारे वाटतात.

आता पुन्हा तुमच्याशी. पुढचा रस्ता सांगली-मिरजेच्या लग्न स्टुडिओंतून जातो. तिथे एडियस आणि प्रीमियर ही एडिटिंगची सॉफ्टवेअर चालतात. तुळशीच्या लग्नानंतर काम वाढतं आणि मदतनीस हवेच असतात. तिथे तासन्‌तासांच्या चित्रीकरणातून निवड करायला शिकणं हीच खरी पुढची पायरी. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा शाळा, पतसंस्था, शेती औषधांच्या कंपन्या, दुकानांच्या जाहिराती असं काम शोधावं लागतं. केवळ लग्नांवर अवलंबून राहिलेला एडिटर वर्षातले चार महिने रिकामा बसतो. ओढ टिकली तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेत चित्रपट संकलनाचा तीन वर्षांचा आणि दूरचित्रवाणी विभागात व्हिडिओ एडिटिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दोन्हींना कोणत्याही शाखेची पदवी आणि प्रवेशपरीक्षा लागते. त्यामुळे बी.कॉम. अर्धवट सोडण्याचा विषय घरात निघू देऊ नका.

पाहुण्यांचं काम फुकट करायचं तिने आता बंद करावं. कागदावर चार ओळी पुरेत : फोटो किती, लांबी किती, दुरुस्त्या दोनदाच, तारीख कोणती, निम्मे पैसे आगाऊ. कार्यक्रमात वाजलेलं सिनेमाचं गाणं यूट्यूबवर चढवलं की कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, म्हणून तिथे टाकायच्या प्रतीला यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत लावावं. नमुना म्हणून काम दाखवायचं तर त्या घरची परवानगी आधी घ्यावी.

लॅपटॉपचा निर्णय द्राक्षाचे पैसे हातात येईपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, थांबू शकतो. मधल्या लग्नसराईत तिला परक्या माणसांची तीन-चार कामं पैसे घेऊन मिळाली आणि त्यांतल्या एकाने पुन्हा बोलावलं, तर क्लास वगळून नुसता संगणक घ्या : १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड. घरी बसूनच काम होणार असेल तर त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो, फक्त गावाकडच्या विजेसाठी सोबत यूपीएस हवाच. आणि एक बाहेरची हार्ड डिस्क. लोकांचे स्कॅन केलेले जुने फोटो संगणकावर एक आणि तिच्यात एक, अशा दोन ठिकाणी ठेवावेत, आणि ती डिस्क घरात वरच्या फळीवर ठेवावी.