ऑस्ट्रेलियातल्या टेस्ट सिरीजसाठी टीम निवडताना स्पिनर घ्यावा की चौथा फास्ट बॉलर?

माझं मत स्पष्ट आहे, स्पिनर हवाच. 2018 ला पर्थमध्ये हिरवी पिच बघून आपण चार फास्ट बॉलर खेळवले, अश्विन अनफिट होता पण जडेजा टीममध्ये असून बाहेर बसला आणि त्याच पिचवर ऑस्ट्रेलियाचा स्पिनर नेथन लायनने मॅचमध्ये 8 विकेट काढल्या, आपण 146 रननी हरलो. अजून वाईट वाटतं. शिवाय खाली बॅटिंग करणारा स्पिनर असला की फार फरक पडतो, 2021 ला ब्रिस्बेनच्या गॅबा ग्राउंडवर 6 बाद 186 असताना आपला स्पिनर वॉशिंग्टन सुंदर आणि शार्दुल ठाकूरने 123 ची पार्टनरशिप केली नसती तर ती मॅच तिथेच गेली असती. बुमराह फिट असेल तर जिंकायचा चान्स पक्का आहे.