वाचकांचे प्रश्न : लाईनच्या गाडीवर जायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी केळापूर तालुक्यातला, वय २१, बारावी आर्ट्स झालो. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. कारचं लायसन १८ व्या वर्षीच काढलं, तेव्हापासून घरचा ट्रॅक्टर मीच चालवतो. गाव हायवेले लागून आहे, हैदराबादकडे जाणारे ट्रेलर रोज पाहतो, मलेबी लाईनची, म्हणजे लांब पल्ल्याची मोठी गाडी चालवाची आहे. एक एजंट म्हणते पैसे दे, हेवी लायसन घरपोच देतो, टेस्टलेबी या लागत नाही. बाबा म्हणतात ड्रायव्हरले कोणी पोरगी देत नाही. काय करू ते सांगा जी.

उत्तर : बाबू, आधी त्या एजंटचं पाहू. त्याला एक रुपया देऊ नको. ट्रान्सपोर्टचं लायसन, ज्याला आपण हेवी म्हणतो, त्याला वय २० पूर्ण लागतं आणि हलक्या गाडीचं लायसन निघून १ वर्ष झालेलं लागतं, तुझं दोन्ही बसतं. पूर्वी आठवी पासची अट होती ती २०१९ मध्ये काढून टाकली, तरी तीच अट दाखवून पोट्ट्यांकडून पैसे काढणारे आहेत. सारथी या लायसनच्या सरकारी वेबसाइटवर लर्निंगचा फॉर्म भर, डॉक्टरचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म १-ए आणि मान्यता असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलचा शिकल्याचा दाखला म्हणजे फॉर्म ५, हे दोन कागद मुख्य. लर्निंग ६ महिने चालतं, ३० दिवस झाले की यवतमाळच्या आरटीओत टेस्ट देता येते, पक्कं लायसन ५ वर्षांसाठी मिळतं. स्कूल निवडताना विचार की शिकवायची गाडी खरंच हेवी आहे का आणि स्टेअरिंग माझ्या हातात किती वेळ राहील. सरकारनं मान्यता दिलेल्या मोठ्या ट्रेनिंग सेंटरमध्ये हेवीचा कोर्स ३८ तासांचा, ६ आठवड्यांत पुरा करायचा असतो, त्यावरून अंदाज घे. टेस्ट न देता लायसन घेतलेला पोट्टा भरलेली गाडी घेऊन उतारावर येतो तेव्हा समोरच्या दुचाकीवर कोणाचंतरी अख्खं कुटुंब असतं, म्हणून या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही.

आता ट्रॅक्टर येतो म्हणजे ट्रक येईलच असं धरू नको. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. सकाळी इंजिन सुरू केलं की मीटरमधला काटा वर येईपर्यंत, म्हणजे टाकीत हवा भरेपर्यंत गाडी हलवायचीच नाही, आणि चालता चालता काटा खाली यायला लागला तर बाजूला घेऊन लिकेज शोधायचं, पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ म्हणून ढकलायचं नाही. नागपूर-सिवनी रस्त्यावर कुरईचा घाट लागतो, तिथं उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक, लावायचा आणि पायाचा ब्रेक जपून वापरायचा, कारण सतत दाबून ठेवला की ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे भेटतील, त्यांच्या शेजारी बसू नको. तसंच टायर. मागं जोडीनं टायर असतात, आतला बसला तरी बाहेरून दिसत नाही कारण बाहेरचा वजन उचलून धरतो, म्हणून निघायच्या आधी टॉमी म्हणजे लोखंडी रॉड घेऊन प्रत्येक टायरवर मारायची, हवा असली की रॉड उसळून परत येतो आणि आवाज खणखणीत येतो, नसली की भद्द. पाच मिनिटांचं काम आहे पण मे महिन्यात समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तेच कामी पडतं.

माल भरायचंही शिकावं लागतं. तुमच्या भागात जिनिंग आहेत, रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, एक गाठ साधारण १७० किलोची, शंभर गाठी म्हणजे १७ टन, आणि त्या उंच रचलेल्या असतात, त्यामुळं वळणावर गाडी कलते. रस्सी कशी आवळायची, ताडपत्रीची दुमड कोणत्या बाजूला ठेवायची म्हणजे वारा आत शिरणार नाही, हे जुन्या ड्रायव्हरसोबत राहूनच कळतं, आणि रुईच्या गाडीजवळ बिडी पेटवू द्यायची नाही, हमालालाही नाही. आजकाल बरेच मालक क्लीनर ठेवत नाहीत, तरी मी म्हणेन पहिलं वर्षभर कोणाच्यातरी शेजारी बस, पैसे कमी मिळाले तरी बस. आणि हेवी येईपर्यंत रिकामं राहायची गरज नाही, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की हलक्या गाडीच्या लायसनवर मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालाची गाडी चालवता येते, म्हणजे पांढरकवडा-वणी-यवतमाळ भागात छोट्या गाडीवर हात बसवता येईल.

पण मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते हे की पोट्टे गाडी पाहून नोकरी धरतात, नवी आहे, केबिन मोठी आहे, म्युझिक आहे, आणि मालक कसा आहे हे पाहतच नाहीत. तू आधी मालक पाहा. नागपूरला श्रीनगर-कन्याकुमारीचा ४४ नंबर आणि सुरतकडून ओडिशाकडे जाणारा ५३ नंबर हायवे भेटतात, म्हणून वाडी, कापसी भागात ट्रान्सपोर्टची ऑफिसं भरपूर आहेत, ड्रायव्हर सगळ्यांनाच पाहिजेत, निवडायला वाव आहे. मालकाला विचारण्याआधी त्याच्याकडच्या ड्रायव्हरला चहावर विचार की झोपायला मिळतं का. काही ठिकाणी ट्रिपचे एकमुस्त पैसे देतात, डिझेल, टोल, जेवण सगळं त्यातच, उरलं ते तुझं. ऐकायला बरं वाटतं पण त्यात जितकं कमी झोपशील तितकं जास्त उरतं, आणि नवीन माणसानं त्यात अजिबात पडू नये. महिन्याचा पगार, वर रोजचा भत्ता, माल खाली व्हायला दोन दिवस लागले तर त्याचं हॉल्टिंग म्हणजे थांबण्याचे पैसे, असा हिशेब पहिल्या दिवशीच बोलून घे, जमलं तर व्हॉट्सॲपवर लिहून घे. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यातच दिवसाचे ८ तास धरले होते, लाईनवर ते कोण पाळतं हे तुला दिसेलच, तरी रात्री दोन ते पाच ही वेळ तू स्वतःसाठी बंद ठेव. त्या वेळी डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. मालक फोन करून कुठं पोचला कुठं पोचला करत असेल तर सांगायचं की झोपून निघतो, आणि ते ऐकून घेणारा मालक मिळाला तर त्याची जुनी गाडीही पत्कर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती मोठी गोष्ट आहे, पण झोपेची जागा एसी घेत नाही.

बाबांचं म्हणणं खोटं नाही, गावात असं बोलतात. महिना महिना घरी नसणं, बाहेरचं खाणं, व्यसन, याची भीती आहे त्यांना आणि ती खरी आहे. त्यांना सोबत घेऊन एकदा मालकाकडे जा, गाडी दाखव, पगार बँकेत येणार हे त्यांच्यासमोर बोलून घे. पेरणी आणि वेचणीच्या वेळी सुट्टी मिळेल का तेही तेव्हाच विचार, शेती सोडायचं काहीच कारण नाही.

प्रश्न : मालक कोळशाच्या गाडीत पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीले मंजूर वजनापेक्षा, जास्त माल भराले लावते. दंड मी भरतो म्हणते. भरू का? (वणी)

उत्तर : नाही. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, जास्तीचा माल तिथंच उतरवावा लागतो, तोपर्यंत गाडीसोबत तूच उभा राहतोस. दंड मालक भरेलही, पण ब्रेक लागला नाही तर केस तुझ्या नावावर होते आणि लायसन तुझं जातं. तीन ॲक्सलच्या दहा चाकी गाडीचं भरलेलं वजन २८.५ टनाच्या आत पाहिजे. वजनकाट्याची पावती स्वतःजवळ ठेव, फोटो काढून ठेव.

प्रश्न : भाऊ, माझे मिस्टर लाईनवर आहेत, रायपूर-नागपूर-सुरत करतात. मालक म्हणतात गाडीचा विमा आहे, ड्रायव्हरचा नसते. काही झालं तर आम्ही कोणाकडे पाहाचं? दोन लहान लेकरं आहेत. (साकोली)

उत्तर : ताई, मालकाचं हे म्हणणं चूक आहे. कामावर असताना ड्रायव्हरला काही झालं तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते, हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलं आहे, आणि गाडीच्या सक्तीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरची ही जबाबदारी धरलेलीच असते. मिस्टरांना सांगा, पॉलिसीचा फोटो मागून घ्या, त्यात पगारी ड्रायव्हरचा, पेड ड्रायव्हर असा उल्लेख आणि पॉलिसीची शेवटची तारीख दोन्ही पाहा. अडचण येते ती नोकरीचा पुरावा नसतो म्हणून. रोख पगार घेऊ नका, बँकेत घ्या. बिल्टीचे म्हणजे मालाच्या पावतीचे फोटो, मालकाचे मेसेज, डिझेलच्या पावत्या घरच्या फोनवर येऊ द्या, तुमच्याकडे राहतील. ई-श्रम कार्ड काढलं नसेल तर काढा, त्याला पैसे लागत नाहीत.

आणि अपघात झाला तर काय करायचं हेही घरी बोलून ठेवा. जखमीला दवाखान्यात पोचवणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे, पण जमाव अंगावर आला तर जीव वाचवून निघायची मुभा कायद्यातच आहे, फक्त पळून घरी यायचं नाही, जवळचं पोलीस स्टेशन गाठायचं, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत. नॅशनल हायवेवर १०३३, ॲम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२. हे नंबर, पॉलिसीचा फोटो आणि मालकाचा पूर्ण पत्ता तुमच्या फोनमध्ये असू द्या, मालकाचा नुसता मोबाईल नंबर पुरत नाही.