वाचक विचारतात: मध्य आशिया, व्याख्यानं आणि ओली लोकर

प्रश्न: विद्यापीठात मध्य आशियाच्या संस्कृती-समाजावर आठ व्याख्यानांची मालिका आखतो आहोत. पाच देशांना एकेक आणि उरलेली तीन इतिहासाला, अशी वाटणी चालेल का?

उत्तर: चालेल, पण दुसऱ्याच व्याख्यानाला अडखळाल. आजच्या सीमा सोव्हिएत सत्तेने १९२४ पासून आखायला घेतल्या. उझबेक आणि तुर्कमेन प्रजासत्ताकं तेव्हाची, ताजिक १९२९ मध्ये उझबेकपासून वेगळं झालं, कझाख आणि किर्गिझ यांना तो दर्जा १९३६ मध्ये मिळाला. संस्कृती या रेषांच्या कितीतरी आधीची. समरकंद आणि बुखारा उझबेकिस्तानात, पण तिथल्या कित्येक घरांत ताजिक बोलतात. ‘शशमकोम’ हे सहा मकोमांचं, म्हणजे सहा स्वरचौकटींचं, अभिजात संगीत कोणत्या देशाच्या खात्यात टाकणार? युनेस्कोच्या यादीतही ते उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान या दोघांच्या नावावर आहे. अलीशेर नवाई उझबेक साहित्याचे आद्यपुरुष मानले जातात; त्यांचं जन्मगाव हेरात आज अफगाणिस्तानात आहे.

म्हणून वाटणी विषयांनी करा. पहिली दोन व्याख्यानं नद्याकाठची शेती-शहरं आणि गवताळ माळावरचे पशुपालक यांच्यावर, कारण धान्य एकाकडे आणि जनावरं दुसऱ्याकडे, या देवघेवीवर बाकीचं पुष्कळ उभं आहे. मग मौखिक काव्य, संगीत, हस्तकला, लिपी, सोव्हिएत काळ आणि १९९१ नंतरचा काळ. देश आपोआप येत राहतात.

प्रश्न: नमदा, म्हणजे ओली लोकर लाटून घट्ट केलेलं जाड कापड, बनवण्याची कार्यशाळा घेतली. दोन तास लाटूनही लोकर सुटी राहिली आणि नक्षी सरकली. काय चुकलं?

उत्तर: आधी लोकर तपासा. मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीच्या धाग्यावरचे खवले बोथट केलेले असतात किंवा झाकलेले असतात. नमदा तर त्या खवल्यांच्याच एकमेकांत अडकण्याने होतो. अशी लोकर दोन दिवस लाटली तरी जुळणार नाही. मूठभर लोकर कोमट साबणपाण्यात भिजवून पाच मिनिटं तळहातांत घोळवा. गोळी घट्ट झाली तर माल बरोबर.

आता प्रमाण. ५० बाय ५० सेंमी मांडणीला पिंजलेली लोकर सुमारे १०० ग्रॅम घ्या. चार पातळ थर द्या आणि प्रत्येक थराचे धागे आधीच्या थराला आडवे ठेवा. दोन जाड थर दिले की मधोमध पापुद्रा सुटतो. तुकडा साधारण एक तृतीयांश आटतो, म्हणजे हाती ३५ सेंमीच्या आसपास येईल. हे आधी सांगितलं नाही तर विद्यार्थी हिरमुसतात.

नक्षी सरकण्याचं नेहमीचं कारण पाण्याचा आणि हातांचा उतावीळपणा. हाताला सोसेल इतकं गरम पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही; लोकर तरंगली की नक्षीही तरंगते. साबण फार झाला तर धागे निसटत राहतात. चटईत गुंडाळी केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं अगदी हलक्या हाताने लाटा आणि जोर नंतर वाढवा. लोकर लाटण्याच्या दिशेने जास्त आटते, म्हणून दर दहा मिनिटांनी उलगडून काटकोनात फिरवा. शेवटी साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा; शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला.

किर्गिझ परंपरेत अशा ओल्या नक्षीच्या नमद्याला ‘आला-कियीज’ म्हणतात. गुंडाळी ‘ची’ नावाच्या उंच गवताच्या काड्यांच्या चटईत करतात. नक्षीच्या कडा थोड्या पसरट येतात. तो दोष नाही, तीच त्याची ओळख. कडा रेखीव हव्या असतील तर ‘शिरदाक’ करा: दोन विरोधी रंगांचे तयार नमदे एकावर एक ठेवून नक्षी एकदम कापायची, तुकड्यांची अदलाबदल करायची, कडेला कड शिवून जोडावर पिळाची दोरी बसवायची आणि खाली अस्तराचा नमदा टाचायचा. एका कापणीतून दोन नक्ष्या मिळतात, चिंधी उरत नाही. मात्र हे दोन्ही प्रकार एकाच दिवशी घेऊ नका. ओल्या तुकड्यावर कात्री नीट चालत नाही.

प्रश्न: प्रांगणात यर्ट, म्हणजे पशुपालकांचा गोल तंबू, उभारून दाखवायचा आहे. क्रम काय? पहिल्या खेपेला भिंत बाहेर पसरली.

उत्तर: दाराची चौकट आधी. तिला ‘केरेगे’, म्हणजे घडी होणाऱ्या लाकडी जाळीच्या भिंती, बांधून वर्तुळ पूर्ण करा. मग भिंतीभोवती कमरपट्टा आवळा. तुमच्याकडे इथेच ढिलाई झाली असणार, कारण छताचा भार जाळीला बाहेर रेटतो आणि तो रेटा हाच पट्टा पेलतो. त्यानंतर एकाने मध्यभागी उभं राहून ‘तुंदुक’ हे वरचं चक्र काठीने उचलून धरायचं, बाकीच्यांनी ‘उऊक’ या वाकवलेल्या दांड्या त्याच्या भोकांत घालायच्या. पहिल्या चार समोरासमोर घाला. एका बाजूने सुरुवात केली की चक्र कलतं. चटया आणि नमदे सगळ्यात शेवटी. कझाख यर्टमध्ये या चक्राला ‘शानिराक’ म्हणतात. ते कझाखस्तानच्या राजचिन्हावर आहे, तुंदुक किर्गिझस्तानच्या ध्वजावर.

प्रश्न: ‘मानस’ हे किर्गिझ महाकाव्य एका तासात कसं पोचवावं?

उत्तर: कथा सांगून नाही. सायाकबाय करालायेव यांच्या मुखातून उतरवलेल्या पाठाच्याच सुमारे पाच लाख ओळी आहेत. दहा मिनिटांचं एकच ध्वनिमुद्रण निवडा, त्याचा अनुवाद हातात द्या आणि दोनदा ऐकवा. ‘मानसची’, म्हणजे मानस गाणारा, वाद्याविना, बसून, आवाज आणि हातवारे यांवर गातो, हे आधीच सांगा. तीन तारांचा कोमुझ घेऊन गाणारा ‘अकिन’ हा कवी-गायक वेगळा. सादरीकरणांत या दोघांची गल्लत फार होते.

प्रश्न: आधी कोणती लिपी शिकावी?

उत्तर: सिरिलिक, आठवडाभरात जमते. कझाखला १९२९ मध्ये अरबीऐवजी लॅटिन आणि १९४० मध्ये सिरिलिक लिपी मिळाली. उझबेकने १९९३ मध्ये पुन्हा लॅटिन स्वीकारली, पण सिरिलिक अजून वापरात आहे. ताजिक फारसीच, पण सिरिलिकमध्ये. म्हणून फारसी जाणणाऱ्याला ती ऐकून बरीचशी कळते, वाचता मात्र येत नाही.